गणंग

वाल रात्रभर भिजले, मग फडक्यात मोड काढले.
आता कोमट पाण्यात हात घालून सोलत बसले आहे
चरईतल्या दुसऱ्या मजल्यावर, पंखा एकवर.
अंगठ्याने दाबलं की वाल सालातून सुळकन निसटतो,
काही न बोलता.
शंभरातले अठ्ठ्याण्णव तरी असेच.
उरलेले गणंग. पाणी प्यालेलेच नाहीत.
आई म्हणायची, काढून टाक, दाताखाली येतात.

मी टिपणीस. आडनाव आधीचं, नोकरी नंतरची.
दिल्लीला सभागृहाच्या मधोमध एक टेबल होतं,
तिथे आमची पाच-पाच मिनिटांची पाळी.
पेन्सिलीला टोक हवं,
मत नको.

त्या खेपेला एकाच पक्षाचे इतके निवडून आले
की त्यांच्या बाजूची बाकं पुरेनात.
उरलेले समोर जाऊन बसले, विरोधकांच्या जागांवर.
तिथेही तेच उपरणं, तेच हसू.
स्वतःच्याच समोर बसून स्वतःलाच नमस्कार.

विरोधी पक्षनेत्याची खोली होती.
नेता नव्हता, आकडाच भरला नाही कुणाचा.
बलेसर शिपाई रोज सकाळी कुलूप काढायचा,
टेबल पुसायचा, पाण्याचा जग भरून ठेवायचा,
संध्याकाळी कुंडीत ओतायचा.
पाच वर्षं.
कुंडीतलं झाड मात्र छान वाढलं.

“अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.”
होय यायचं ते ट्रकने खडी ओतावी तसं.
“प्रतिकूल असतील त्यांनी—”
वाक्य पुरं व्हायच्या आत
होयचा कौल आहे, होयचा कौल आहे.
एका दुपारी नऊ विधेयकं.
आधीच्या खेपांना, त्या पाचपन्नास पक्षांच्या कडकडाटात,
मी मनगटाला पट्टा बांधायचे.
या खेपेला पट्टा कपाटातच राहिला.
डॉक्टर म्हणाले, बरं झालं की.

कुठल्याशा डोंगरी जिल्ह्यातला एक होता,
मे महिन्यातही मफलर, छातीत दमा,
शेवटून दुसऱ्या बाकावर.
दर वेळी उठायचा.
तो उठेस्तोवर विधेयक पास.
मग उभ्या-उभ्या धाप टाकत म्हणायचा, नाही.
माइक बंद.
आम्ही कंसात लिहायचो, व्यत्यय.
नियमच तसा होता.
खरं सांगायचं तर मला त्याचाच राग यायचा,
लोकांची बस चुकवतो म्हणून.
हेही नोंदलेलं असू दे.

काल आमच्या सोसायटीची सभा झाली.
गच्चीवर मंडपवाल्याच्या खुर्च्या, बिल्डरचे सामोसे,
बेचाळीस बिऱ्हाडं, चार मजले पाडून तेवीस.
इतिवृत्त मी लिहायचं,
कारण मावशी, तुम्ही तर अख्खं पार्लमेंट लिहिलंय!
माझीही सही होतीच, एक खोली वाढून मिळणार आहे.
सेक्रेटरी कर्णिक म्हणाले, “कुणाची हरकत नाही ना?
सर्वानुमते.”
टाळ्या.

तेवढ्यात तळमजल्यावरचे फणसे उठले,
घड्याळं दुरुस्त करणारे.
गुडघ्यावर हात टेकून उठतात, वेळ लागतो.
म्हणाले, “माझं—”
आणि टाळ्या चालूच होत्या,
कुणीतरी चटणी कुठाय विचारलं,
ते बसले.

मी लिहिलं, सर्वानुमते मंजूर.
मग हात थांबेना.
श्री. फणसे उभे राहिले. ते म्हणाले, माझं.
पुढे काही नाही. पुढे ते बोललेच नाहीत.

आज सकाळी कर्णिकांचा फोन.
“मावशी, अर्धं वाक्य कसलं ठेवलंय? काढून टाका,
रजिस्ट्रारकडे जायचंय ते.”
बघते म्हणाले.

वाटीत आता पाच गणंग झालेत.
एक दाबून पाहिला, नख दुखलं.
बाकीचं बिरडं अर्ध्या तासात शिजेल,
खोबरं वाटायचंय अजून.
फोन पुन्हा वाजतोय.
माझे हात ओले आहेत.